विर्नोडा बेस

सगूणमामांना तुम्ही नमस्कार केलात तर ते लगेच परत नमस्कार करणार नाहीत. आधी विचारतील, "गांव खंयचो?" तुम्ही गाव सांगितलंत की विचारतील, "वाडो खंयचो?" वाडा सांगितलात की ग्रामदेवतेची चौकशी. ही तिन्ही नाकी ओलांडलीत की मग हात जोडतील, आणि तेही अशा मायेने, की जणू तुमची आजी त्यांच्या आत्याची मैत्रीण होती. पुष्कळदा ती निघतेही.

इथे गोव्यात, डिचोलीत आमची घरं कुंपणाला कुंपण लावून आहेत, त्यामुळे हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आले आहे. पाहुण्यांना, फेरीवाल्यांना, मतं मागायला आलेल्यांना, आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरांना. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून "बोलू नका" म्हटलं तरी मामा बोललेच. डॉक्टरांनी कोल्हापूरकडचं कुठलंसं गाव सांगितलं. मामांनी ते ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचं ब्लडप्रेशर जास्त निघालं, आणि त्याचं खापर त्यांनी त्या गावावर फोडलं.

यामागे त्यांचा एक सिद्धांत आहे. "गांव आशिल्लो मनीस फट मारीत, पूण पळून वचचो ना." म्हणजे ज्याला गाव आहे तो खोटं बोलेल एकवेळ, पण पळून जाणार नाही. खाणी चालू होत्या तेव्हा मामा खनिजाचा ट्रक चालवायचे. रस्त्यावर कुणाची कोंबडी मेली, कुणाचं कुंपण मोडलं, की भांडण गावाच्या नावावर मिटायचं. अमक्या गावचा ट्रक, तमक्या गावचा ड्रायव्हर, एवढं कळलं की पुरे. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक विकला गेला, सिद्धांत तेवढा राहिला.

मी शिक्षिका आहे. सरकारला आणि शेजाऱ्यांना, दोघांनाही शिक्षक म्हणजे फॉर्म भरायचं यंत्र वाटतं. आमच्याकडे भांडण कोकणीत होतं, वर्तमानपत्र मराठीत येतं आणि फॉर्म इंग्रजीत असतो. त्यामुळे वाड्यावर कुणाचं काही हरवलं, अडलं, बुडालं की माझ्या दारावरची कडी वाजते. मी शाळेतून येऊन पाय वर घेतले की हमखास वाजते. मामा कडी वाजवत नाहीत. ते कुंपणापलीकडून "गो शीला" म्हणून हाक मारतात आणि मी ओ देईपर्यंत मारतच राहतात.

आता मामींबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते त्यांच्यापायी.

मामी विसरायला लागल्या त्याला काही वर्षं झाली. आधी माणसांची नावं गेली, मग सण, मग कुठलं साल चाललंय ते. एक गोष्ट मात्र पक्की राहिली. उजाडलं की कापडी पिशवी घेऊन गेटपाशी उभं राहायचं आणि पोदेराची वाट बघायची. पोदेर म्हणजे सायकलीवरून पाव घेऊन येणारा. पूर्वी तो वळणावरूनच रबरी भोंगा पिळायचा, पों पों, आणि सगळा वाडा जागा व्हायचा. त्या पोदेराची भट्टी बंद पडली. मुलं परदेशी गेली, म्हातारा त्यांच्यामागे गेला. आता पाव टेम्पोने दुकानात येतो, प्लॅस्टिकच्या पिशवीतून, मुकाट्याने.

मामींना हे सांगून पटत नाही. त्यांचा हिशेब सरळ आहे. "पोदेर येवंक ना. म्हणटकच सकाळ जावंक ना." पोदेर आला नाही, म्हणजे अजून सकाळच झालेली नाही. आणि सकाळ झालेली नसताना कोण शहाणं माणूस चहा पितं? चहा नाही म्हणजे पाव नाही, पाव नाही म्हणजे गोळ्या नाहीत. अंगणात ऊन कडक तापलेलं असायचं आणि मामी परत जाऊन अंथरुणावर पडायच्या, उजाडायची वाट बघत. दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरायच्या.

मामांनी उपाय केले नाहीत असं नाही. देवघरातली घंटा वाजवून बघितली. मामी म्हणाल्या, "आरत जाली?" आणि हात जोडून पुन्हा झोपल्या. मग माळ्यावरून ट्रकचा जुना हॉर्न काढून बॅटरीला जोडला. त्या सकाळी वाड्यावरची सगळी माणसं रस्त्यावर आली, कुत्री पार नदीपर्यंत पळाली, आणि मामी शांतपणे म्हणाल्या, "ट्रक आयलो." शंखसुद्धा फुंकून झाला. पोदेराची सर कशालाच आली नाही.

अशात एक दिवस मामांना मोबाईलवर जाहिरात दिसली. पितळी कर्णा, मागे काळा रबरी फुगा, हुबेहूब तोच. मामांनी मला दाखवला. "सायकलीक जाय," म्हणाले, म्हणजे सायकलीला हवा. मामांकडे सायकल नाही. कधी नव्हतीच. पण वाड्यावर कुणीही "कसली सायकल?" असं विचारलं नाही. मीही नाही. काही गोष्टी माणसाला सायकलीच्या नावाने मागू द्याव्यात.

मी म्हटलं, "मामा, पैसे आधी देऊ नका हं. वस्तू हातात आल्यावर द्या."

"तूं म्हाका शिकयता?" मामा म्हणाले. "हांवें फोन करून गांव विचारलो."

"मग?"

"विर्नोडा बेस!" त्यांचा चेहरा उजळला होता. "आमच्या पेडण्यांतलो मनीस गो. आपणेंच सांगलें ताणें, विर्नोडा बेस. हांवें म्हळें, बेस बरें!"

विर्नोडा हे पेडणे तालुक्यातलं गाव. मामींचं माहेर पार्से, तेही पेडण्यातलंच. आणि बेस म्हणजे छान, हे काय सांगायला हवं? माणूस हिंदीत बोलला, तेवढं मला खटकलं. पण मामांकडे त्याचंही उत्तर होतं. मोपाला विमानतळ झाल्यापासून पेडण्यात सगळ्या तऱ्हेचे लोक येऊन राहतात, हिंदीच बोलतात, बिचारे करणार काय. एकूण मामांनी पैसे पाठवून दिले होते.

भोंगा आला नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. सकाळी शाळेला निघाले की मला एका गेटवर दोघं दिसायची. एक पोदेराची वाट बघणारी, दुसरा पोदेराच्या भोंग्याची. मी विचारलं की मामा म्हणायचे, "येतलो. विर्नोड्याच्या मनशाक मात्सो वेळ दिवंक जाय." त्या नंबरावर आता नुसती धून वाजत होती आणि जाहिरातीचं पान नाहीसं झालं होतं. तरी विर्नोड्याच्या माणसाला थोडा वेळ द्यायलाच हवा, यावर मामा ठाम.

शेवटी मीच बसले. अशा वेळी काय करायचं ते आता मला पाठ आहे, निम्म्या वाड्याचं करून झालंय. पैसे गेले की त्याच घटकेला सायबरवाल्यांच्या मदतीच्या नंबरावर फोन करायचा, बँकेला कळवायचं, जाहिरातीचे आणि पैसे पाठवल्याचे फोटो जपून ठेवायचे, सरकारी संकेतस्थळावर तक्रार घालायची, पोलीस स्टेशनात जायचं. "त्याच घटकेला" हा यातला खरा औषधाचा भाग. तो आम्ही विर्नोड्याच्या मानापोटी घालवून बसलो होतो.

मदतीच्या फोनवर एक गोड आवाजाची मुलगी होती. मी व्यवहार सांगत होते तोवर मामांनी फोन हिसकावला. "बाये, गांव खंयचो तुजो?" ती निघाली आमच्या शेजारच्या साखळी गावची. मग काय! तिचा वाडा निघाला, देऊळ निघालं, तिचा चुलता मामांच्या ट्रकवर क्लीनर होता असं निघालं. मी कपाळाला हात लावून बसले होते. शेवटी तिने उशीर झाल्याचं हळुवारपणे सांगितलं, "मामा, तुमी बेगीन फोन करपाक जाय आशिल्लो. आतां कठीण आसा." मामांनी फोन ठेवला आणि समाधानाने म्हणाले, "बरें चलें तें." पोरगी चांगली होती, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं.

पोलीस स्टेशनात हवालदारांनी संशयिताचं नाव विचारलं.

"नांव खबर ना. गांव खबर आसा," मामा म्हणाले.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्याकडे लोक नाव घेऊन येतात, गाव घेऊन कोणी आलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे बघितलं. तक्रारीत पत्ता लागला, विर्नोडा, तालुका पेडणे.

याच भानगडीत आणखी एक फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, आम्ही कस्टमर केअरमधून बोलतोय, तुमचे पैसे परत करायचे आहेत, मोबाईलवर आलेला आकडा तेवढा सांगा. मी भाताचा कुकर सोडून धावले. फसलेल्याला दुसऱ्यांदा फसवायची ही ठरलेली रीत. मी पोचेपर्यंत मामांची चौकशी सुरू झाली होती. "पयलीं तुजो गांव सांग. तो न्हय रे, तो शार. गांव! बरो, वाडो? वाडोय ना? मागीर जात्रा खंयच्या देवाची करतात तुमी?" पलीकडच्याने फोन आपटला. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "गांवच ना ताका. फटींग कसलो." त्या दिवशी मला त्यांच्या सिद्धांताला दंडवत घालावासा वाटला.

पण विर्नोडेवाल्याबद्दल एक अक्षर ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. त्याच्या घरी कोणी आजारी असेल. कोणी मेलं असेल, सुतक असेल. शेवटी रविवारी सकाळी धुतलेला सदरा घालून ते माझ्या स्कूटरपाशी येऊन उभे राहिले. "चल. आपूण वचून पळोवंया." स्वतः जाऊन बघू म्हणे.

रविवार हा माझा आठवड्याचा एकुलता एक दिवस. पण कुंपणापलीकडे मामी पिशवी घेऊन गेटवर उभ्या होत्या. मी स्कूटर काढली. मामींपाशी माझ्या आईला बसवलं आणि आम्ही निघालो. अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल. मागे बसलेले मामा दर फाट्यावर त्या गावात कोणाचं कोण दिलंय ते सांगत होते. माझी कंबर मोडली होती आणि डोक्यात एकच विचार, गाव गाठून आम्ही विचारणार काय?

मामांनी विचारलंच. दुकानात, देवळापाशी, एका अंगणात काजू सोलत बसलेल्या बायकांना. "तुमच्या गांवांत पोंपों विकपी मनीस आसा मू? हिंदी उलयता." बायका आधी हसल्या. मग पैसे घेऊन वस्तू दिली नाही असं कळल्यावर एकदम गप्प झाल्या. आपल्या गावच्या माणसाने हे करावं याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी आम्हाला बसवलं, कोकमाचं पाणी दिलं आणि सायकल दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे पाठवलं. असल्या वस्तूची खबर असली तर त्यालाच असेल म्हणाल्या.

म्हातारा झाडाखाली चाक फिरवत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "विर्नोड्यांत असो कोण ना," तो म्हणाला. "किदें म्हळें ताणें? तशेंच्या तशें सांगात."

तेव्हा मामांनी प्रथमच तो संवाद शब्दाला शब्द, त्या माणसाच्या ढंगात करून दाखवला. नकला ते उत्तम करतात. "हांवें म्हळें, आपका गांव कौनसा? तो म्हणटा, सर, वी आर नोएडा बेस्ड."

चाक फिरायचं थांबलं. म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी स्कूटरच्या आरशाकडे. वी आर नोएडा. दिल्लीपाशी बसून कोणीतरी आपलं खरं गाव सांगितलं होतं, बहुधा आयुष्यात एकदाच, आणि आम्ही अस्नोड्यावरून विर्नोड्याला आलो होतो त्याला शोधत. मला हसू येत होतं आणि त्याहून जास्त थकवा आला होता.   म्हातारा उठून आत गेला आणि खुंटीवरचा एक भोंगा घेऊन आला. पितळ काळं पडलेलं, फुगा चिरलेला. कुठल्याशा पोदेराची सायकल त्याने भंगारात घेतली होती, तिचा.

"सायकल खंय? हाड, बसोवन दितां." आण म्हणे, बसवून देतो.

"सायकल..." मामा म्हणाले आणि थांबले. वाड्यावरच्या सगळ्यांनी सांभाळलेली ती सायकल इथे कोणी सांभाळणार नव्हतं.  शेवटी मामा म्हणाले, "सायकल ना म्हजे कडेन. म्हजे बायलेक सकाळ जायना."

माझ्या बायकोची सकाळ होत नाही. मी त्यांच्या शेजारी एवढी वर्षं राहिले, पण हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले. म्हाताऱ्याने अधिक काही विचारलं नाही. डब्यातून दुसरा फुगा शोधला, कर्ण्याला घट्ट बसवला, एकदा पिळून बघितला. पों पों. झाडावरचे कावळे उडाले. पैसे त्याने घेतले नाहीत. मामांनी पाकीट काढलं तसा हात आडवा धरून म्हणाला, "पेडण्याचें कोण आसा तुमच्यांत?"

"बायल. पार्सेंची."

"मागीर जालें."

आम्ही परत निघालो. कोलवाळच्या पुलावर मागून आवाज आला, "तो विर्नोड्याचो नाशिल्लो गो शीला."

"नाही मामा."

"हांव समजलों." थोड्या वेळाने म्हणाले, "पूण पळय, विर्नोड्यानच दिलें." शेवटी दिलं ते विर्नोड्यानेच. सिद्धांत शाबूत होता.

तक्रारीचं अजून काही झालेलं नाही. ती विचाराधीन आहे असा संदेश मधूनमधून माझ्या मोबाईलवर येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी पडवीत मुद्दाम उभी राहिले. मामांनी डोक्याला टोपी घातली होती, गळ्याभोवती पंचा, हातात पाटी, पाटीवर निळं प्लॅस्टिक. दुकानातून आणलेले पाव त्याखाली. फणसाआड जाऊन त्यांनी भोंगा पिळला. पों पों.

मामी आतून जवळजवळ धावत आल्या. हातात पिशवी होती. मामा फणसाआडून बाहेर आले आणि गेटपाशी उभे राहिले. मामींनी त्यांना खालून वर न्याहाळलं. जन्मभर ज्याच्याशी संसार केला त्याच्याकडे त्या अशा बघत होत्या, जसं नव्या पोदेराकडे बघतात. 

"नवो दिसता तूं," मामी म्हणाल्या. "गांव खंयचो रे तुजो?"

मी पडवीचा खांब धरला. मामांचा तो प्रश्न, सगळ्या जगाला विचारलेला, त्यांना कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मामांनी टोपी पुढे ओढली. "पार्सें, बाये."

"पार्सें?" मामींचा चेहरा मोहोरला. "म्हजें कुळार तें! मागीर बरो मनीस आसतलो तूं." माहेरचा म्हणजे चांगलाच असणार. त्यांनी पिशवी पुढे केली. "दोन उंडे दी. आनी कांकणां दी, घरकाराक च्यांत बुडोवन जाय तीं. न्हिदल्यात अजून. ट्रक चलोवन थकतात रे ते. उलोव नाका व्हडल्यान."

नवऱ्याला चहात बुडवायला कांकणं, म्हणजे बांगडीसारखे कुरकुरीत पाव, लागतात, तो ट्रक चालवून थकून झोपलाय, मोठ्याने बोलू नकोस. मामांनी मान डोलावली. दोन गोल उंडे घातले, कांकणं घातली. मामी पिशवी पोटाशी धरून घरात शिरल्या. आणि मग मामांनी पाटी, टोपी, भोंगा सगळं फणसाखाली टाकलं आणि या वयात, धोतर सावरत, घराला वळसा घालून मागच्या दाराकडे पळत सुटले.

"आयकलें?" आतून मामींची हाक आली. कित्येक महिन्यांनी इतकी खणखणीत. "उठात आतां. पोदेर येवन गेलो. सकाळ जाली."

मागचं दार वाजलं. मग अंथरुणाच्या दिशेने, धापा टाकत, मामांचा आवाज आला.

"उठलों गो, उठलों."